काट्यापासून कचेरीपर्यंतची तार



गाडी काट्यावर चढते, वजनाची चिठ्ठी हाती पडते आणि आपण गव्हाणीकडे निघतो. तेच वजन त्या घटकेला ऊस हिशेब विभागाच्या संगणकावर कसे जाऊन बसते, हे विचारायला हंगामात कोणाला सवड असते? पण आपले बिल ज्या आकड्यावर निघते त्याची वाट सभासदाला ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणकाची तांब्याची साधी तार १०० मीटरपर्यंतच भरवशाची. काटा असतो गेटाजवळ, कचेरी पार पलीकडे. शिवाय वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, की तांब्यावाटे झटका येऊन यंत्रे जळतात. म्हणून लांबच्या अंतराला काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर घालतात. तिच्यातून उजेड धावतो, वीज धावत नाही. मात्र विजेचा संदेश उजेडात आणि उजेडाचा पुन्हा विजेत करणारे यंत्र दोन्ही टोकांना लागते. त्यास मीडिया कन्व्हर्टर म्हणतात.

काटा, गोदाम, डिस्टिलरी, सहवीज प्रकल्प अशा सगळीकडच्या तारा कचेरीत आल्या म्हणजे सुट्या यंत्रांचा पसारा होतो. त्यापेक्षा खाचा असलेली एक लोखंडी चौकट घ्यावी आणि खाचेखाचेत एकेक कार्ड सारावे, ही सोय बरी. एक कार्ड गेले तर बाकीची चालू ठेवून तेवढेच बदलता येते. एका खाचेत मॅनेजमेंट कार्ड बसते. हा या टोळीचा मुकादम समजा. टोळीतल्या गड्यागड्याला आपण निरोप धाडत नाही, मुकादमाला सांगतो. तद्वत पत्ता असतो तो मुकादमाला. बाकीची कार्डे खाचेच्या नंबराने ओळखायची. मुकादम आजारी पडला तरी बहुतेक चौकटींत गडी काम करीत राहतात, फक्त खबर मिळेनाशी होते.

हा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस. १९२.१६८.१०.५ असे चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होतात, आणि जगाच्या मध्यवर्ती कोठारातला साठा २०११ साली वाटून संपला. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते मात्र घरगुती वापरासाठी राखलेले आहेत. गावोगाव मारुतीचे देऊळ असते तसा हा पत्ता हजार कारखान्यांत असला तरी बिघडत नाही. एकाच जाळ्यात दोघांना एक पत्ता दिला तर मात्र गोंधळ. पत्त्याबरोबर २५५.२५५.२५५.० अशी खूण लिहितात. तिचा अर्थ, पहिले तीन आकडे गावाचे आणि शेवटचा घराचा. गावाबाहेर जायची वेस, तिला गेटवे म्हणतात. वेस लिहायची राहिली, की कार्ड कचेरीत बोलते आणि बाहेरून विचारले तर गप्प! तंत्रज्ञ अशा वेळी उगाच तारा तपासत बसतो.

पत्ता नीट बसला म्हणजे रात्रपाळीला काटा अडला तरी तंत्रज्ञ घरूनच पाहू शकतो: तीन नंबरच्या खाचेत उजेड येतो का, कार्ड तापले का. तेवढा वेळ वाचतो. रांगेत उभा ऊस वाळतो आणि वजन घटते सभासदाचे, हे काय सांगायला हवे?

आपल्यापैकी पुष्कळांच्या विहिरीवर मोबाइलने चालू होणारा स्टार्टर आहे. त्याचा नंबर आणि परवलीचा शब्द गावभर झाला तर मोटार कोणीही चालू करील. इथेही तेच. या चौकटीतून वजनाचा आकडा बदलत नाही, हे खरे. पण तिचा ताबा मिळालेला माणूस काट्याची वाट बंद करू शकतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रोग्रामने जगभरचे लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने घातलेला मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता म्हणून. सबब पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. टेलनेट ही जुनी पद्धत बंद ठेवावी, कारण तिच्यात पासवर्ड उघडाच जातो. मुकादमाचा पत्ता इंटरनेटवर उघडा टाकू नये. व्हीपीएनच्या कुलपातून आत यावे. आणि किल्ली कोणाकोणाकडे आहे, नोकरी सोडून गेलेल्याकडे अजून आहे काय, हे रजिस्टरात असावे. वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने हे विचारले तर त्यात वावगे काही नाही.

दुरून दिसते म्हणून दुरून सगळे दुरुस्त होते असे मात्र नव्हे. चर खणताना जेसीबीने काच तोडली, तर माणसालाच जाऊन ती जोडावी लागते. जादा कार्ड आणि काचेच्या तारेची थोडी शिल्लक गाळप सुरू होण्याआधीच स्टोअरमध्ये आणून ठेवलेली बरी.