दादरचं गणित: एकात सात, बाकीच्यांत सहा

संपादकांनी दादर स्थानकाचा इतिहास मागितला होता, तो आधी उरकतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जीआयपी कंपनीची पहिली गाडी सुटली, तो आजचा मध्य रेल्वेचा मार्ग. समुद्राच्या अंगाने बीबीसीआय कंपनीचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे, रूळ नंतरच्या दशकात आले. १८९६ च्या प्लेगने शहर हादरल्यावर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला आखीव वस्ती वसवली आणि इथली वर्दळ वाढत गेली. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी आणि बीबीसीआय जाऊन मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या. दोन रेल्वेंमधली दादर स्थानकाची वाटणी मात्र तशीच राहिली.

मी अडकलो तो फलाटांच्या नंबरांपाशी. दोन्ही रेल्वे आपापले फलाट एकपासून मोजायच्या. 'दादरला चार नंबरवर भेट' हा निरोप म्हणजे अर्धाच पत्ता. विरारहून येणारा पश्चिमेच्या चारवर उभा, डोंबिवलीची मैत्रीण मध्यच्या चारवर, आणि मध्ये पुलावर तुडुंब गर्दी. रोजच्या माणसाला हा घोळ अंगवळणी पडला होता. बॅगा घेऊन लांब पल्ल्याची गाडी गाठायला आलेल्या नवख्याची मात्र, चुकीच्या बाजूला उतरल्यावर, पार दमछाक व्हायची.

९ डिसेंबर २०२३ ला हे संपलं. चैत्यभूमीवर आलेला ६ डिसेंबरचा जनसागर परतल्यावर तीनच दिवसांनी. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले, मध्यचे आठ ते चौदा झाले. गंमत बेरजेत आहे. मध्यच्या जुन्या एकमध्ये सात मिळवले की आठ येतात, पण जुन्या तीनचे नऊ होतात आणि जुन्या आठचे चौदा. म्हणजे पुढे सगळीकडे सहाच मिळवायचे. कारण एक नंबर रुंद करताना दोन नंबरचा फलाट आधीच बंद झाला होता. नाहीशा झालेल्या त्या फलाटाचा हिशेब जुने प्रवासी अजून मनातल्या मनात करतात, हे मला फार आवडलं. पाट्या बदलल्या, उद्घोषणा बदलल्या. तोंडातले नंबर इतक्या लवकर बदलत नाहीत.

नंबर एक झाले, कारभार नाही. पश्चिमेचं मुख्यालय चर्चगेटला, मध्यचं सीएसएमटीला, आणि दादरला त्या दोघींमध्ये पूल. मध्यची फास्ट सोडून पश्चिमेची पकडणारा, फुलबाजाराकडे निघालेला, मेलसाठी आलेला, सगळे त्याच जिन्यांवर. गाडी थांबते अर्ध्या मिनिटाच्या आसपास, पण तिने ओतलेली माणसं पूल चढेपर्यंत पुढची गाडी येऊन ठेपते. पाऊस लागला की छपराखालून कोणी हलत नाही.

याची किंमत पश्चिमेवर शेजारच्याच स्थानकाने मोजली आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोडला परळशी जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर लष्कराने तिथे नवा पूल उभारला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. पुढे स्थानकाचं नावही प्रभादेवी झालं. तिथेही पुलाच्या एका टोकाला पश्चिम रेल्वे होती, दुसऱ्या टोकाला मध्य.

म्हणून माझं मत असं: दादरचे नंबर सलग लावणं हे कमी खर्चात झालेलं शहाणपणाचं काम होतं, पण सोपंही तेवढंच होतं. पाट्यांसाठी दोन्ही रेल्वे एकत्र आल्या, तशा त्यांनी पुलांसाठीही यावं आणि गर्दीच्या वेळी सगळ्या जिन्यांची जबाबदारी एकाच अधिकाऱ्यावर सोपवावी.