जांघेतली तिरकी वाट

खोकला आला की जांघेत फुगवटा, आडवं झालं की गायब. हर्नियाची ही नेहमीची तऱ्हा.

पोटाच्या भिंतीत, जांघेच्या घडीच्या जरा वर, सुमारे ४ सेंटिमीटरचा तिरका बोगदा असतो. मुलाचे वृषण गर्भात पोटातच तयार होतात आणि साधारण सातव्या महिन्यात या वाटेने खाली उतरतात. सोबत पोटाच्या अस्तराची पिशवी येते. ती पुढे मिटली नाही, तर आतडं तिच्यात शिरतं. तान्ह्यांचा हर्निया बहुधा असाच. उतारवयात मात्र भिंतच विरते.

बायकांत हा बोगदा अरुंद. पण त्याखाली, मांडीच्या शिरेलगतच्या फटीतून येणारा हर्निया पुरुषांपेक्षा त्यांना जास्त होतो. तो भलताच लबाड: गाठ लहान, फट ताठ, आतडं चटकन आवळतं. गाठ आत जाईना, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर पट्टा बांधत बसू नये. ताबडतोब इस्पितळ गाठावं.