संगणकशास्त्रातील पीएच.डी. कोणी करावी?

संगणकशास्त्रात बी.टेक. किंवा एम.टेक. करणाऱ्यांपुढे शेवटच्या वर्षी नोकरी की पीएच.डी. हा प्रश्न येतो, तेव्हा घरातील चर्चा बहुधा पगारापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पूर्णवेळ संशोधकाला मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे दरमहाचे विद्यावेतन, २०२३ पासून ३७ हजार रुपये आहे आणि दोन वर्षांनी ते ४२ हजार होते; मोठ्या सेवा-कंपन्यांच्या घाऊक भरतीत लागलेल्या नवख्या अभियंत्याच्या हाती अनेकदा याहून कमीच पडते, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. खरा तोटा नंतरचा असतो, कारण नोकरीतील सहाध्यायी पाच वर्षांत दोन-तीन कंपन्या बदलून पगार कुठल्या कुठे नेतो, त्याचे गृहकर्जाचे हप्तेही सुरू झालेले असतात, आणि संशोधक अद्याप प्रबंधाचे तिसरे प्रकरण लिहीत असतो.

पैशापेक्षा अधिक विचार व्हायला हवा तो कामाच्या स्वरूपाचा. पहिले वर्ष-दीड वर्ष नेमलेले विषय आणि पात्रता परीक्षा यांत जाते. पुढे मात्र ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही असा प्रश्न स्वतः शोधावा लागतो. इतर बहुतेक शास्त्रांत मान नियतकालिकांना असला, तरी संगणकशास्त्रात तो परिषदांतील शोधनिबंधांना असल्यामुळे संशोधकाचे वर्ष परिषदांच्या मुदतींनुसार चालते; पाठवलेला निबंध तीन-चार अनामिक परीक्षक तपासतात, त्यांच्या आक्षेपांना पुष्कळदा मोजक्या दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि नामवंत परिषदांत बहुसंख्य निबंध नाकारलेच जात असल्याने तोच निबंध दुरुस्त करून पुढच्या परिषदेकडे धाडावा लागतो. आपण लिहिलेली प्रणाली महिन्याभरात लोकांच्या हाती पडलेली पाहण्यात ज्याला आनंद वाटतो, त्याला हे जिणे रुचणार नाही, आणि त्यात त्याचे काही उणे नाही.

या दोन वाटा कायमच्या फुटतात असेही नाही. एखादी संख्या मूळ आहे का, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा विभाजक नाही का, हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरमध्ये मणींद्र अग्रवाल यांच्यासह शोधणारे नीरज कयाल व नितीन सक्सेना या दोघांनीही पुढे तिथेच डॉक्टरेट केली. नंतर सक्सेना प्राध्यापक झाले, तर कयाल मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरु येथील संशोधन प्रयोगशाळेत गेले. उद्योगांच्या अशा प्रयोगशाळा आपल्याकडे नव्या नाहीत; टाटांनी पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधनसंस्था तर १९८१ मध्येच उभारली होती. आयआयटीतील प्राध्यापकी किंवा अशा प्रयोगशाळेतील संशोधकाची जागा हवी असेल, तर पीएच.डी.वाचून सहसा भागत नाही. सॉफ्टवेअर लिहिण्याच्या नोकरीसाठी तिची गरज नाही, आणि नावाआधी 'डॉ.' लागावे किंवा मंदीत प्लेसमेंट हुकली एवढ्यासाठी ती करणे तर मुळीच शहाणपणाचे नाही.

मन ठरत नसेल, तर एखाद्या प्राध्यापकाकडे वर्षभर प्रकल्प सहायक म्हणून काम करून पाहावे. प्रवेश घेताना संस्थेइतकाच मार्गदर्शकही पारखावा, आणि त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटून, आधीच्यांना प्रबंध पुरा करायला किती वर्षे लागली आणि अर्धवट सोडून किती जण गेले, हे आडपडदा न ठेवता विचारून घ्यावे.