दुखते कोठे, ते नीट सांगा

डॉक्टर विचारतात, "कोठे दुखते?" आपण म्हणतो, "हात दुखतो." पण हात म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळाच! नेमके कोठे? वाकवताना दुखते की वळवताना? नीट सांगितले, तर दुखणे लवकर सापडते.

पहिली गोष्ट डाव्या-उजव्याची. डॉक्टर समोर बसले, की त्यांच्या उजव्या हाताच्या बाजूला आपला डावा हात येतो. म्हणून डावे-उजवे नेहमी रोग्याचे धरतात. रोग्याकरिता दुसरा कोणी बोलला, तरी त्यानेही रोग्याचेच सांगावे.

आता आत-बाहेर पाहू. वैद्यकाच्या पुस्तकांत माणूस एकाच रीतीने उभा धरतात. अंग ताठ, तोंड समोर, हात खाली सोडलेले आणि तळहात पुढे. तुम्हीही तसे उभे राहून पाहा. करंगळी अंगाकडे येते. ती आतली बाजू. अंगठा दूर राहतो. ती बाहेरची बाजू. गुडघ्याची आतली बाजू म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडची.

पाठीवर निजला तो उताणा, पोटावर निजला तो पालथा. हाताचेही तसेच. तळहात आभाळाकडे असला, तर हात उताणा. जमिनीकडे असला, तर पालथा. कोपराखाली दोन हाडे आहेत. हात पालथा करताना अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून वळते.

आता सांधे बघा. कोपर दाराच्या बिजागरीसारखे आहे. ते मिटते आणि उघडते. म्हणून त्याला बिजागरीचा सांधा म्हणतात. खांद्यात हाडाचा गोल गड्डा खळगीत बसतो. तो उखळीचा सांधा. म्हणून हात पुढे, मागे, वर, गोल, कसाही फिरतो. पण ही खळगी उथळ असते, म्हणून खांदा लवकर निखळतो. मानेत खिळीचा सांधा आहे. जात्याची वरची तळी खिळीभोवती फिरते ना? तसे मानेचे पहिले हाड दुसऱ्या हाडाच्या खुंटीभोवती फिरते. म्हणून आपण मान हलवून "नाही" म्हणू शकतो.

निखळलेला खांदा कोणाकडूनही ओढून घेऊ नका. आतल्या नसा व रक्तवाहिन्या दुखावतात. हात आहे तसा झोळीत ठेवा आणि दवाखाना गाठा.

कोणी झाडावरून पडला, तर त्याला ओढून बसवू नका. मान वळवू नका. पाठीचा कणा मोडला असेल, तर आतली मज्जा दुखावते आणि हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर फुकट रुग्णवाहिका मिळते. फोन करा आणि असे सांगा :

"माणूस झाडावरून पडला आहे. उताणा आहे. शुद्धीवर आहे. मान दुखते म्हणतो. उजवा पाय हलवता येत नाही."

एवढ्या पाच वाक्यांत सारे आले. ती आजच मोठ्याने वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा.