ॲपमध्ये टॅब बदलणं वेगळं, मागे येणं वेगळं : भरलेला फॉर्म का जातो आणि कसा वाचवायचा



आजचा मेसेज फवारणीचा नाही, खताचाही नाही. मोबाईल ॲपमध्ये एका पानावरून दुसऱ्या पानावर कसं जायचं अन् परत कसं यायचं, याचा आहे. मेसेज लांब आहे. आत्ता घाईत असाल तर स्टार करून ठेवा आणि पीक पाहणीसाठी वावरात निघायच्या आधी नक्की वाचा.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद आपल्या हातातल्या मोबाईलवर आली. सोयाबीन हमीभावाने द्यायचं असेल (2025-26 साठी क्विंटलला 5328 रुपये), तर खरेदीच्या नोंदणीला सातबाऱ्यावर पीक दिसावं लागतं. अतिवृष्टीची मदत, पीक विमा, पीक कर्ज, इथेही ही नोंद पाहिली जाते. आणि दर हंगामात कंपनीकडे येणारं एक वाक्य ठरलेलं असतं : "मी तर सगळं भरलं होतं, मागे आलो अन् सगळं गेलं." त्या 'मागे आलो' मध्येच खरी गोम आहे.

*आधी टॅब म्हणजे काय ते पाहू*

व्हॉट्सॲप उघडा. खाली एका ओळीत चॅट्स, अपडेट्स, कम्युनिटीज, कॉल्स अशी चिन्हं दिसतात. हे टॅब. अँड्रॉइड फोनवर ते आधी वर होते, 2024 मध्ये खाली आले. टॅब म्हणजे एकाच ॲपमधले शेजारी-शेजारी असलेले भाग. त्यांच्यात पुढचा-मागचा असा क्रम नसतो.

आता आपलं गोदाम डोळ्यासमोर आणा. एका बाजूला सोयाबीनची थप्पी, एका बाजूला तुरीची, तिकडे हरभऱ्याची. प्रत्येक टॅबची अशीच आपापली थप्पी असते. टॅबमध्ये एखाद्या गोष्टीवर बोट ठेवलं की नवं पान उघडतं, ते पोत्यासारखं आधीच्या पानावर रचलं जातं. त्यातून अजून एक उघडलं की त्याच्यावर अजून एक. आपल्याला दिसतं ते फक्त सगळ्यात वरचं.

*मागे* दाबलं की सगळ्यात वरचं पोतं उचललं जातं, एवढंच होतं. *टॅब* बदलला की आपण दुसऱ्या थप्पीसमोर जाऊन उभे राहतो. पहिली थप्पी, ॲप नीट बनवलेलं असेल तर, जशीच्या तशी राहते.

म्हणून फॉर्म अर्धा भरलेला असताना वरचा दर पाहायचा झाला, खाते क्रमांक पाहायचा झाला, तर 'मागे मागे' करत जाऊ नका. भरत असलेला फॉर्म हे तोंड न शिवलेलं पोतं आहे. ते थप्पीवर उभं आहे तोवर ठीक. उचललं की सांडलं. बरीच ॲपं सांडण्याआधी विचारतात, "बदल जतन न करता बाहेर पडायचे?" असा प्रश्न आला की घाईत 'होय' दाबू नका. काही ॲपं विचारतही नाहीत.

सगळी ॲपं थप्पी जपतात का? नाही. अँड्रॉइडची ॲपं बनवणाऱ्यांना गूगल जी तयार साधनं देतं, त्यांत प्रत्येक टॅबची वेगळी थप्पी सांभाळायची सोय 2022 च्या सुरुवातीला आली. त्याआधी ते काम ॲप बनवणाऱ्याला स्वतः करावं लागे, अन् अनेकांनी केलंच नाही. अशा ॲपात दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलं की पहिला टॅब पुन्हा सुरुवातीपासून उघडतो. आपल्या फोनमध्ये जुन्या पद्धतीचीही ॲपं आहेत, नव्याचीही. पाहून ओळखू येत नाहीत. *खोटी माहिती भरून एकदा तपासून घ्या* : कुठल्याही नव्या ॲपात फॉर्मच्या पहिल्या रकान्यात काहीही लिहा, दुसऱ्या टॅबवर जा, परत या. लिहिलेलं दिसलं तर त्या ॲपवर तेवढा विश्वास ठेवायला हरकत नाही. फक्त 'सबमिट' दाबू नका म्हणजे झालं.

आणखी एक खोड लक्षात ठेवा. ज्या टॅबवर आहात त्याच टॅबच्या चिन्हावर पुन्हा बोट लागलं, तर बऱ्याच ॲपांत त्या टॅबची पूर्ण थप्पी उतरते आणि पहिलं पान येतं. चिखलाच्या हाताने मोबाईल धरला की अंगठा नेमका खालच्या ओळीवरच पडतो.

*कडेवरून सरकवणं आणि मधून सरकवणं*

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. अँड्रॉइड 10 हे 2019 मध्ये आलं, तेव्हापासून फोनच्या तळाची तीन बटणं काढून फक्त बोटाने सरकवायची पद्धत आली. त्यात स्क्रीनच्या डाव्या किंवा उजव्या *कडेवरून* आत बोट सरकवलं की तो 'मागे' होतो. पण व्हॉट्सॲपसारख्या ॲपात स्क्रीनच्या *मधून* बाजूला बोट सरकवलं की शेजारचा टॅब येतो. दोन्हीत बोटाची चाल सारखीच. सुरुवात कुठून केली एवढाच फरक. टॅब बदलायला म्हणून बोट फिरवलं, ते कडेला लागलं, अन् पान गेलं.

यावर सोपा उपाय : फोन तीन बटणांवर आणा. सेटिंग्ज उघडा, वर शोधायच्या चौकटीत 'नेव्हिगेशन' लिहा, आणि तीन बटणांचा पर्याय निवडा. कंपनीगणिक ही जागा वेगळी आहे, म्हणून शोधूनच जाणं बरं. मग तळाशी त्रिकोण किंवा बाण (मागे), गोल (होम) आणि चौकोन किंवा तीन रेघा (आत्ता उघडी असलेली ॲपं) अशी बटणं दिसतील. दिसायला जुनं वाटेल, पण वावरात हेच कामाचं. पोरं हसली तर हसू द्या.

*गोल आणि बाण यातला फरक*

ओटीपी पाहायला मेसेजमध्ये जायचं आहे. बाण दाबत दाबत बाहेर पडू नका. पहिला पर्याय, वरून बोट खाली ओढा, ओटीपी तिथेच दिसतो. ॲप सोडायचंच काम नाही. दुसरा पर्याय, गोल दाबा, मेसेज पाहा, आणि परत येताना *चौकोन दाबून तेच ॲप निवडा*. गोल दाबल्याने पोतं उचललं जात नाही, आपण फक्त गोदामाचं दार लोटून बाहेर येतो.

शेजाऱ्याच्या फोनवर बाण दाबून बाहेर पडलं तरी ॲप होतं तिथेच सापडतं, आणि आपल्या फोनवर नव्याने सुरू होतं, असं का? अँड्रॉइड 12 पासून पहिल्या पानावर बाण दाबला तर ॲप सहसा बंद होत नाही, मागे जाऊन थांबतं. त्याआधीच्या फोनात ते पानच संपतं. फोन जुना असेल तर बाणापासून जास्तच जपा.

*मागे न दाबताही फॉर्म जातो, तो कॅमेऱ्यामुळे*

ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो घ्यावा लागतो. आताच्या डीसीएस आवृत्तीत तर गटाच्या 50 मीटरच्या आत उभं राहिल्याशिवाय फोटो घेता येत नाही, म्हणजे हे काम घरी बसून होणारं नाही. फोटोसाठी फोनचा कॅमेरा उघडला की ज्या ॲपात आपण भरत होतो ते मागे ढकललं जातं. कॅमेऱ्याला मेमरी भरपूर लागते. फोनची रॅम 2-3 जीबी असेल आणि यूट्यूब, क्रोम, फेसबुक सगळं उघडं असेल, तर जागा करायला फोन मागच्यांपैकी कोणाला तरी बंद करतो. तो 'कोणी तरी' आपला फॉर्मही असू शकतो. फोटो काढून परत यावं तर पहिलं पान. आपली चूक काहीच नसते, पण नोंद गेलेली असते.

म्हणून धुऱ्यावर पोहोचल्यावर, ॲप उघडायच्या *आधी*, चौकोन दाबून बाकीची ॲपं बंद करा. फोन रात्रीपासून चालूच असेल तर एकदा बंद करून सुरू करा. काही फोनांत उघड्या ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येतं. ते लावलं तर फोन त्या ॲपला सहसा हात लावत नाही. आणि मधेच 'सगळं साफ करा' कधीच दाबू नका, त्यात आपला फॉर्मही साफ होतो.

स्क्रीन आपोआप आडवी होण्याची सोयही बंद ठेवा. फोन आडवा झाला की अँड्रॉइड ते पान मोडून नव्याने उभं करतं; ज्या ॲपात याची तजवीज नाही तिथे भरलेले रकाने रिकामे होतात. फोटोसाठी फोन आडवा धरायची आपली सवय, त्यामुळे हे जास्त घडतं.

*भरलं, जतन झालं, अपलोड झालं : या तीन वेगळ्या गोष्टी आहेत*

स्क्रीनवर जे लिहिलं ते फक्त त्या पानावर असतं. पान गेलं की गेलं. फॉर्म पूर्ण करून, स्वयंघोषणेवर खूण करून पुढे गेलात की माहिती फोनमध्ये साठते. आता मागे या, टॅब बदला, काही बिघडत नाही. पण ती अजून फोनमध्येच आहे. सरकारकडे पोहोचलेली नाही. नेटवर्क नसलेल्या वावरातही नोंद करता यावी म्हणून ही सोय आहे. रेंजमध्ये आल्यावर *अपलोड* केलं की मग ती पुढे जाते.

या दोन टप्प्यांच्या मधे पुष्कळ जण अडकतात. वावरातून घरी आले, "झालं" म्हणून मोबाईल ठेवला, चार दिवसांनी फोन भरला म्हणून ॲप काढून टाकलं. त्याबरोबर साठलेली नोंदही गेली. अपलोड होईपर्यंत ॲप काढू नका, सेटिंग्जमधून त्याचा 'डेटा' साफ करू नका, फोन बदलू नका.

फॉर्म भरण्याच्या क्रमाबद्दलही एक सांगतो. खाते क्रमांक, गट क्रमांक, पोटखराबा, पेरणीची तारीख, सिंचनाचं साधन, मिश्र पीक असेल तर कोणाचं क्षेत्र किती, हे सगळं घरून निघतानाच *कागदावर* लिहून घ्या. सोयाबीनमध्ये तूर असेल तर तुरीचं क्षेत्र धुऱ्यावर उभं राहून आठवत बसू नका. मग मधेच दुसऱ्या पानावर जाऊन काही शोधायची वेळच येत नाही, आणि फॉर्म पाच-सात मिनिटांत एका दमात होतो. टॅबच्या सगळ्या भानगडीवर याहून चांगला उपाय आम्हाला तरी माहीत नाही.

*वर टॅब असलेले लांब फॉर्म*

महाडीबीटीसारख्या योजनांच्या फॉर्ममध्ये वैयक्तिक माहिती, जमीन, कागदपत्रं असे भाग येतात. हे भाग व्हॉट्सॲपच्या टॅबसारखे समजू नका. इथे प्रत्येक भागाला आपलं 'जतन करा' बटण असतं, ते दाबल्याशिवाय पुढच्या भागावर बोट ठेवू नका. आणि हे फॉर्म क्रोममध्ये भरत असाल तर क्रोमचा स्वतःचाही 'मागे' आहे. तो फॉर्मच्या मागच्या भागात नेईलच असं नाही, थेट लॉगिनच्याही बाहेर टाकू शकतो. फॉर्मच्या आतच मागे जायचं बटण असेल तर तेच वापरा. फार वेळ काहीच केलं नाही तर साईट आपोआप बाहेर काढते, म्हणून कागदपत्रांचे फोटो आधीच तयार ठेवा.

आयफोनवाले सभासद थोडे आहेत. त्यांच्याकडे टॅबच्या थप्प्या बहुधा टिकतात, पण डाव्या कडेवरून सरकवलं की तिथेही मागेच जातं.

*शेवटी तपासणी*

2024 आणि 2025 च्या खरिपात शेतकरी स्तरावरची नोंद 1 ऑगस्टपासून सुरू झाली होती. यंदाची मुदत गटावर येईल. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सगळे एकदम अपलोड करतात, तेव्हा पहिल्या पंधरवड्यातच उरकून घ्या. नोंदीत चूक दिसली तर 48 तासांच्या आत एकदा दुरुस्ती करता येते, त्यानंतर आपल्या हातात राहत नाही. म्हणून अपलोड केल्यावर त्याच संध्याकाळी ॲपच्या मुख्य पानावरून 'गावाचे खातेदारांची पीक पाहणी' उघडा आणि यादीत आपलं नाव हिरवं झालं का ते पाहा. हिरवं नसेल तर 'अपलोड' मध्ये जाऊन काही अडकलंय का बघा.

तरीही जमत नसेल तर फोन पूर्ण चार्ज करून, सातबारा आणि तो कागद घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. फोटोसाठी वावरात तुम्हालाच जावं लागेल, पण फोन तीन बटणांवर आणणं, ॲपला कुलूप लावणं, हे इथे बसून करून देऊ. घरातल्या ज्या पोरा-पोरीला ॲप जमतं त्यांना सोबत आणलंत तर अजून बरं.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, उंद्री 🌱