वेग हवा, पण थांबायचे कसे?

डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाडी दिसेनाशी! अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या ‘ड्रॅग रेस’चे वर्णन असेच करावे लागेल. वळणे नाहीत, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ पट्ट्यावर जी आधी पोहोचेल ती जिंकते. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी स्थापन केलेल्या ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ने या खेळाला नियमांची शिस्त लावली. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत.

चर्चा होते ती इंजिनाची. पण शर्यत संपल्यावर गाडी थांबवायची कोणी? ताशी १५० मैल (सुमारे २४० किलोमीटर) वेग गाठणाऱ्या गाडीला पॅराशूट सक्तीचे असते. पण त्याच्या भरवशावर ब्रेककडे दुर्लक्ष करून चालत नाही. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतील इंग्लिशटाऊन येथे इंजिनाचा स्फोट झाल्यावर स्कॉट कलिट्टा यांची गाडी वेळेत थांबू शकली नाही आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्वांत वेगवान गटांची शर्यत १,००० फुटांवर आणण्यात आली, ती थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून.

लहान की मोठा?

ब्रेकचे हृदय म्हणजे मास्टर सिलिंडर. पायाने पेडल दाबले की यातला दट्ट्या ब्रेक ऑईल पुढे ढकलतो आणि तो दाब चाकांपर्यंत पोहोचतो. नवखा माणूस म्हणतो, ‘मोठा सिलिंडर बसवा, ब्रेक जोरात लागतील.’ खरे तर उलटे आहे! इंजेक्शनची बारीक सिरिंज अंगठ्याने सहज दाबता येते, जाड सिरिंजला जोर लागतो. तोच न्याय इथे.

हिशेबच पाहा. पायाचा जोर ३० किलो आणि पेडलच्या तरफेने तो सहापट झाला, तर दट्ट्यावर १८० किलो पडतात. सिलिंडरचा व्यास एक इंच असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो दाब मिळतो. व्यास पाऊण इंच केला, तर तोच दाब ६३ किलोवर जातो! मग सर्वांत लहान सिलिंडरच का घेऊ नये? कारण लहान सिलिंडर एका दाबात थोडेच ऑईल ढकलतो. चाकाकडचे दट्टे मोठे असतील, तर पेडल तळाला टेकते तरी ब्रेक पुरते लागत नाहीत. म्हणून जाणकार आधी चाकांकडची गरज मोजतात, मगच सिलिंडर निवडतात.

घरच्या गाडीत इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर पायाला मदत करतो. शर्यतीसाठी बदललेल्या अनेक इंजिनांत हा व्हॅक्यूम पुरेसा मिळत नाही. बूस्टर काढला, की लांब तरफेचे पेडल आणि लहान सिलिंडर ही जोडी उपयोगी पडते. शिवाय सिलिंडर दुहेरी असावा. एका बाजूची नळी फुटली तरी दुसरी बाजू काम करते.

आपल्या गाडीसाठी

आपल्याला शर्यत लावायची नाही, पण शाळेतून मुलांना आणताना ब्रेक तितकेच महत्त्वाचे. सिग्नलला उभे असताना पेडल दाबून धरले आणि ते हळूहळू खाली जाऊ लागले, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर झिजल्याची शक्यता असते. गळतीही असू शकते. गाडी तशीच न चालवता मेकॅनिकला दाखवा. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. मग ते कमी तापमानाला उकळते आणि घाटात उतरताना ब्रेक दगा देऊ शकतात. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे, ते बदलून घ्यावे. सिलिंडर बदलायची वेळ आलीच, तर मूळ मापाचाच मागावा. ‘थोडा मोठा चालेल’ असे कोणी म्हणाले, तर सिरिंजचे उदाहरण आठवा!