गंजावर रंग टिकत का नाही? गेट-ग्रिल रंगवण्याआधी काय करायचं

कोकणात समुद्राजवळ घर असेल तर हे चित्र ओळखीचं असेल. दिवाळीत गेट रंगवलं, चकाचक दिसलं. पुढचा पावसाळा लागला तसे रंगाला फुगे आले आणि गणपतीपर्यंत तांबडे ओघळ दिसायला लागले. दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. पण बहुतेक वेळा चूक त्याआधीच, घासण्या-धुण्यात झालेली असते.

रंगाखाली काय घडतं?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे ओल धरून ठेवतो. त्यावर रंग मारला तर तो लोखंडाला नाही, सुट्या पापुद्र्याला चिकटतो. खाली नवा गंज फुगला की पापुद्रा सुटतो आणि रंगही सोबत जातो.

किनाऱ्यावर यात मिठाची भर पडते. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ गंजाच्या खड्ड्यांत बसतं. ते राहिलं तर रंगाच्या थरातूनही ओलावा आत ओढून घेतं. फुगे येतात ते त्यामुळेच. हे मीठ डोळ्यांना दिसत नाही आणि नुसत्या ब्रशने निघत नाही. त्याला गोडं पाणीच लागतं.

आधी ताकद तपासा

गॅलरीचं रेलिंग किंवा जिन्याचा कठडा असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. जिथे लोखंड लादीत किंवा काँक्रीटमध्ये शिरतं तिथे पाणी साचतं आणि तिथेच ते आधी खाल्लं जातं. त्या जागी स्क्रू ड्रायव्हर जोरात टोचून बघा. टोक आत गेलं, भोक पडलं किंवा रेलिंग हललं, तर रंगकाम थांबवा आणि वेल्डरला बोलवा. रंगाने ते छान दिसेल, पण माणसाचं वजन पेलणार नाही.

कामाचा क्रम

१. गोड्या पाण्याने धूळ, शेवाळ आणि मीठ धुऊन काढा. तेलकट डाग असतील तिथे साबण वापरा.

२. सुटे पोपडे पट्टीने खरवडा. मग तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरला लावायचा तारेचा कप वापरा. कोपरे आणि वेल्डिंगचे सांधे हाताने घासा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने शेवट करा. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे फक्त चकाकी मोडा आणि कडा उतरत्या करा.

३. पुन्हा गोड्या पाण्याने धुवा. बरेच जण ही पायरी गाळतात. घासल्यावर खड्डे उघडे पडतात, म्हणून आतलं मीठ आत्ताच निघू शकतं.

४. फडक्याने पुसून उन्हात पूर्ण वाळवा. पिवळसर गंज धरलाच तर हलका पेपर मारून पुसून घ्या.

५. त्याच दिवशी प्रायमर लावा. उघडं लोखंड दमट हवेत काही तासांतही गंज धरतं. धारदार कडा आणि सांध्यांवर रंगाचा थर पातळ बसतो, म्हणून तिथे आधी एक हात जास्त द्या.

ॲसिड, रॉकेल आणि रेड ऑक्साइड

संडास साफ करायचं ॲसिड गंज पटकन काढतं, पण त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यातलं क्लोराइड मागे राहिलं तर गंज पुन्हा लवकर येतो. रॉकेलने पुसलं तर तेलकट थर राहतो आणि प्रायमर नीट धरत नाही.

फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडचं गंज बदलणारं द्रावण उपयोगी आहे, पण फक्त खड्ड्यांत उरलेल्या पातळ, घट्ट गंजावर. जाड पोपड्यांवर ते खालपर्यंत पोचत नाही. लावताना हातमोजे आणि चष्मा घाला.

रेड ऑक्साइड गंज खातो, हा गैरसमज आहे. त्याचा लाल रंगही लोह ऑक्साइडचाच असतो. किनाऱ्यावर झिंक फॉस्फेटचा प्रायमर जास्त भरवशाचा. कुठलाही प्रायमर महिनोन्‌महिने उघडा ठेवू नका. वर रंगाचे दोन हात हवेतच.

जुन्या रंगाची धूळ

घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग ग्राइंडरने कोरडा उडवू नका. ओला करून हाताने घासा, चांगला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि कचरा कागदावर गोळा करा.

कधी करायचं?

पाऊस पूर्ण थांबल्यावर, सकाळचं दव वाळल्यानंतर. भर दुपारी तापलेल्या लोखंडावर रंग वरून लवकर सुकतो आणि आत कच्चा राहतो. नंतर दर पावसाळ्यानंतर एकदा गोडं पाणी मारून तळ आणि सांधे बघा. बोटाएवढा डाग तेव्हाच खरवडून रंगवला तर पूर्ण गेट लवकर घासायची वेळ येत नाही.